गोळीनंतरचा पहिला शब्द

कुठे बॉम्बस्फोट झाला, कुठे कुणी गर्दीवर गोळ्या झाडल्या, की हल्ली पाच-दहा मिनिटांत मोठ्या माणसांचे संदेश आपल्या मोबाइलवर येऊन थडकतात. मंत्री लिहितात, विरोधी पक्षनेते लिहितात, नट-नट्या लिहितात, क्रिकेटपटूही लिहितात. त्यांचे शब्द आता आपल्याला पाठ झाले आहेत. 'भ्याड हल्ल्याचा तीव्र निषेध', 'मृतांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी', 'दोषींची गय केली जाणार नाही'. गावाचं नाव बदलतं, मृतांचा आकडा बदलतो, मजकूर मात्र तोच राहतो. कधी कधी तर रुग्णवाहिकेच्या आधी संदेश पोचतो.

या संदेशांची थट्टा करणं सोपं आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. भयंकर हिंसा घडल्यावर ज्याच्या तोंडाकडे लोक पाहत असतात, असा माणूस पहिल्या काही तासांत जे बोलतो त्याने खरोखर काही फरक पडतो का? पडत असेल, तर नेमका कशाने? गेल्या शंभर वर्षांतली काही उदाहरणं या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

सुरुवात करू १९१९ पासून. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत जनरल डायरने निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. सरकारी हिशेबानेच ३७९ माणसं मारली गेली. पंजाबात लष्करी कायदा लागू झाला, वर्तमानपत्रांवर बंधनं आली आणि बातमी प्रांताबाहेर झिरपत झिरपत गेली. कलकत्त्यात रवींद्रनाथ टागोर अस्वस्थ होते. राजकीय पुढाऱ्यांनी काही करावं म्हणून त्यांनी खटपट केली, पण तिला यश आलं नाही. शेवटी ३० मे रोजी त्यांनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहिलं आणि १९१५ मध्ये मिळालेली 'सर' ही पदवी परत केली. हत्याकांड आणि पत्र यांत ४७ दिवसांचं अंतर होतं. आजच्या हिशेबाने हा केवढा उशीर! पण ते पत्र आज शंभर वर्षांनंतरही लोकांच्या स्मरणात आहे. याचं कारण साधं आहे. रवींद्रनाथांनी निषेधाबरोबर स्वतःजवळचं काहीतरी सोडलं होतं. त्या काळी मोठ्या माणसाला विचार करायला वेळ मिळे. मनात असेल तर गप्प बसायलाही मिळे. पुढे रेडिओ आला आणि ही सवलत संपली.

आता ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ पाहा. फाळणीच्या कत्तलींच्या जखमा अजून ओल्या होत्या. दिल्ली निर्वासितांनी भरून गेली होती. गांधीजींनी त्याच महिन्यात दिल्लीत शांततेसाठी उपोषण केलं होतं आणि २० जानेवारीला त्यांच्या प्रार्थनासभेत बॉम्बस्फोटही झाला होता. ३० तारखेला सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी बिर्ला भवनात प्रार्थनेला जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. बातमी शहरात पसरली, तसा प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला. मारणारा कोण?

गव्हर्नर जनरल माउंटबॅटन बिर्ला भवनावर पोचले, त्या वेळचा एक प्रसंग अनेक पुस्तकांत आला आहे. गर्दीतला कुणीतरी ओरडला, मारेकरी मुसलमान आहे. माउंटबॅटन ताडकन म्हणाले, मूर्खा, तो हिंदू होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. बरोबरच्या माणसाने हळूच विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. पण मारेकरी मुसलमान निघाला, तर देशात अभूतपूर्व कत्तल होईल, हे त्यांना पक्कं कळलं होतं. मला या प्रसंगात गंमत वाटत नाही, धडकी भरते. एका शब्दावर किती माणसांचे प्राण टांगलेले असू शकतात, ते त्यातून दिसतं. शिवाय तो अंदाज होता. सुदैवाने खरा निघाला, म्हणून आज आपण त्याचं कौतुक करतो.

सहा वाजताच्या बातम्यांत आकाशवाणीने ही हत्या जाहीर केली आणि मारेकरी हिंदू असल्याचं त्याच निवेदनात स्पष्ट सांगितलं. एरवी बातमीत गुन्हेगाराचा धर्म सांगणं वाईटच. त्या संध्याकाळी मात्र ते सांगितलं नसतं, तर अफवेने आपलं उत्तर केव्हाच तयार ठेवलं होतं. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात आकाशवाणीची केंद्रं होती अवघी सहा, आणि घरोघरी रेडिओ नव्हते. हॉटेलांपुढे, दुकानांपुढे, ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्या ओसरीवर माणसं गोळा झाली. तिथे ऐकलेलं वाक्य गल्लोगल्ली गेलं.

त्या रात्री पंडित नेहरू आणि सरदार पटेल दोघेही आकाशवाणीवरून बोलले. दोघांमधले मतभेद सर्वांना ठाऊक होते. म्हणून दोघांनी एकाच रात्री एकाच सुरात शांततेचं आवाहन करणं याला फार अर्थ होता. नेहरूंनी भाषण लिहून आणलं नव्हतं. आपल्या आयुष्यातला प्रकाश गेला, हा त्यांच्या भाषणाचा आरंभ जगाला ठाऊक आहे. त्याचा उत्तरार्ध मात्र फारसा कुणाला आठवत नाही आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. त्यात नेहरू आधी सांगतात की मारणाऱ्याला आपण वेडाच म्हणू शकतो, पण देशात जे विष पसरलं आहे त्याच्याशी आपल्याला झुंजायचं आहे, आणि तेही गांधीजींच्या रीतीने. राग आला म्हणून कुणीही गैर वागायचं नाही. मग ते अगदी घरातल्या कर्त्या माणसासारखे तपशिलात शिरतात. पार्थिव उद्या सकाळी साडेअकराला बाहेर काढलं जाईल. दुपारी चारला यमुनेच्या काठी अंत्यसंस्कार होतील. दर्शनासाठी बिर्ला भवनात गर्दी करू नका, मार्गाच्या दोन्ही बाजूंना उभे राहा. उद्याचा दिवस उपवासाचा आणि प्रार्थनेचा. जे दिल्लीबाहेर आहेत त्यांनी दुपारी चार वाजता नदीवर किंवा समुद्रावर जावं आणि तिथे प्रार्थना करावी.

विचार करा, कोट्यवधी माणसं दुःखाने आणि संतापाने भरलेली आहेत. त्यांच्या हातांना त्या क्षणी काहीतरी करायचं आहे. नेहरूंनी त्या हातांना काम दिलं. उपवास करा, चार वाजता नदीवर जा. आपल्याकडे घरात मयत झाली की शेजारचा जाणता माणूस येऊन हेच करतो. कुणाला तिरडीच्या सामानाला धाडतो, कुणाला गावोगाव निरोप द्यायला पाठवतो. तो उगाच कामं सांगत नाही. माणसाला सावरण्याची ती जुनी रीत आहे. दुसऱ्या दिवशी मेलव्हिल डी मेलो यांनी अंत्ययात्रेचं धावतं वर्णन तासन् तास रेडिओवरून केलं आणि देशभरची माणसं जणू त्या वाटेवरून चालली.

त्याच दिवसांत कराचीहून जीनांचा शोकसंदेश आला. त्यात गांधीजींचा गौरव होता, पण हिंदू समाजाने जन्माला घातलेला एक थोर पुरुष, असा. मुसलमानांच्या रक्षणासाठी उपोषण केलेल्या माणसाला मृत्यूनंतरही एका समाजाच्या कुंपणात बसवलेलं पाहून तेव्हा अनेकांना वाईट वाटलं. शोकसंदेशात 'आपलं माणूस' कुणाला म्हणायचं, हे ठरवणारा एखादाच शब्द असतो. सगळा संदेश त्या शब्दावर तोलला जातो.

इथे महाराष्ट्राची गोष्ट सांगायला हवी, कारण ती झाकून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मारेकरी हिंदू आहे, या वाक्याने देशभरातली एक मोठी आग लागण्याआधीच विझली. पण मग मारेकऱ्याचं नाव कळलं, गाव कळलं, जात कळली. नथुराम गोडसे पुण्याचा, ब्राह्मण. आणि मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. वाडे जळाले, छापखाने आणि दुकानं जळाली, माणसंही मारली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ पेटवून देण्यात आला. मुंबईत स्वातंत्र्यवीर सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांच्यावर दगडांचा मारा झाला आणि ते गंभीर जखमी झाले. ज्यांचा त्या हत्येशी काडीचाही संबंध नव्हता, अशी शेकडो कुटुंबं गाव सोडून शहरात आली. कित्येक ठिकाणी या आगीत जुन्या सावकारीचे आणि जमिनीचे हिशेबही चुकते झाले. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत अशा वाड्यांचे नुसते चौथरे मी पाहिले आहेत. 'अठ्ठेचाळीस साली' एवढंच म्हणून म्हातारी माणसं गप्प होत.

दिल्लीच्या रेडिओवरून सांगितलेली शांतता कऱ्हाड-वाळव्याच्या वेशीपर्यंत पोचायला तिथे तोच शब्द आपल्या अंगावर घेणारा माणूस लागतो. काही ठिकाणी तो होता, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना लपवलं, वाचवलं. बऱ्याच ठिकाणी तो नव्हता. साने गुरुजींनी गांधीहत्येनंतर प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचा उपवास केला. रवींद्रनाथांप्रमाणे त्यांनीही आपल्या शब्दाची किंमत आधी स्वतः मोजली.

असाच एक प्रसंग अमेरिकेतला आहे. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. रॉबर्ट केनेडी त्या वेळी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करत होते आणि इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत त्यांची सभा ठरली होती. किंग गेल्याची बातमी त्यांना विमानातून उतरल्यावर कळली. सभेतल्या अनेकांना ती अजून ठाऊकच नव्हती. केनेडी एका ट्रकवर उभे राहिले, लोकांना हातातले प्रचाराचे फलक खाली करायला सांगितले आणि बातमी सांगून टाकली. सगळं भाषण पाच-सहा मिनिटांचं. माझ्याही घरातला माणूस मारला गेला आहे आणि त्याला मारणाराही गोराच होता, असं ते म्हणाले. भाऊ जॉन केनेडींच्या हत्येविषयी ते जाहीरपणे कधी बोलत नसत. त्या रात्री बोलले. पुढच्या काही दिवसांत अमेरिकेतल्या शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या. इंडियानापोलिस मोठ्या प्रमाणात शांत राहिलं. ते केवळ या भाषणामुळे, असा दावा मी करणार नाही. स्थानिक कार्यकर्त्यांनीही त्यासाठी रक्ताचं पाणी केलं होतं. पण ट्रकवरचा तो माणूस लोकांचं दुःख लांबून पाहत नव्हता, एवढं नक्की. दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, त्यांचीही हत्या झाली.

शब्द चुकला, किंवा त्यामागे कृती उभी राहिली नाही, तर काय होतं, हे आपण १९८४ मध्ये पाहिलं. ३१ ऑक्टोबरच्या सकाळी इंदिरा गांधींवर त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. परदेशी रेडिओवरून त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच कानांवर आली. आकाशवाणीने अधिकृतपणे ती दिली संध्याकाळी. मधल्या तासांत अफवांनी दिल्लीचा ताबा घेतला. त्याच रात्री राजीव गांधींनी देशाला शांततेचं आवाहन केलं. त्या भाषणात खोट काढता येणार नाही. पण रस्त्यावर पोलीस उभे राहिले नाहीत, लष्कराला वेळेवर बोलावलं गेलं नाही, आणि एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्याप्रमाणे, २,७३३ शीख मारले गेले. मग १९ नोव्हेंबरच्या सभेत राजीव गांधी म्हणाले की मोठा वृक्ष कोसळतो तेव्हा आसपासची धरणी हादरतेच. पहिलं आवाहन आज फारसं कुणाला आठवत नाही. हे वाक्य ज्यांची घरं जळाली त्यांच्या मनात कायमचं कोरलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत या हत्याकांडाबद्दल मान खाली घालून माफी मागितली, ती २००५ मध्ये. एकवीस वर्षं गेली होती.

शब्द ही एक हुंडी असते, असं मला वाटतं. ती लिहून देणं सोपं असतं. पण ती वटवावी लागते, आणि वटली नाही तर लिहिणाऱ्याची पत जाते.

२००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ जण बळी पडले. तीन दिवस सारा देश दूरचित्रवाणीपुढे बसून होता. त्या थेट प्रक्षेपणाने हल्लेखोरांच्या सूत्रधारांनाही मदत झाली, अशी कडक टीका पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्याच्या निकालात केली. त्याच दिवसांत मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना होतातच, अशा अर्थाचं आर. आर. पाटील यांचं हिंदी वाक्य वाहिन्यांवरून दिवसभर फिरलं, आणि १ डिसेंबरला त्यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं. ग्रामस्वच्छता अभियानामुळे घराघरात आदर मिळवलेले ते पुढारी होते आणि वर्षभराने गृहमंत्री म्हणून परतलेही. पण त्या एका वाक्याने काही काळ त्यांचं सगळं काम झाकून टाकलं. कॅमेऱ्यापुढे वाक्य मागे घेता येत नाही, हा धडा तेव्हा मिळाला. ट्विटर, ज्याला आता एक्स म्हणतात, ते त्या वेळी भारतात थोड्याच लोकांना माहीत होतं. तरी त्यावरूनही मुंबईच्या बातम्या आणि अफवा जगभर गेल्या.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत सगळं पालटलं. आता बातमी, अफवा आणि शोकसंदेश एकाच वाटेने, एकाच वेळी येतात. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ माणसं मारली गेली, तेव्हा पहिल्या तासांत अनेक देशांतल्या जाणकारांनी हे इस्लामी दहशतवाद्यांचं काम असल्याचं गृहीत धरलं. मारेकरी नॉर्वेचाच, अतिउजव्या विचारांचा निघाला. माउंटबॅटन यांचा अंदाज बरोबर निघाला होता, या मंडळींचा चुकला. पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांनी मात्र आमचं उत्तर अधिक लोकशाही आणि अधिक मोकळेपणा हेच असेल, असं सांगितलं.

या नव्या काळातला सर्वांत बोलका प्रसंग न्यूझीलंडमधला आहे. १५ मार्च २०१९, शुक्रवार. क्राइस्टचर्च शहरातल्या दोन मशिदींत नमाजासाठी जमलेल्या माणसांवर एकाने गोळ्या झाडल्या. ५१ जण प्राणाला मुकले, त्यांत भारतातून तिथे गेलेले काही जणही होते. मारेकऱ्याने हा संहार फेसबुकवरून थेट दाखवला. पहिल्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या पंधरा लाख प्रती काढून टाकाव्या लागल्या, असं फेसबुकनेच जाहीर केलं. म्हणजे हिंसा करणाऱ्यालाही आता लोकांच्या तोंडून आपलं नाव आणि हातांतून आपली चित्रं फिरायला हवी होती. ज्या माध्यमावर नेते शोक करत होते, तेच माध्यम त्याने हत्यारासारखं वापरलं होतं.

त्या वेळच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न त्याच दुपारी पत्रकारांपुढे आल्या. मृतांचा पक्का आकडा हाती नव्हता, तर त्यांनी तो सांगितला नाही. पण एक गोष्ट निःसंदिग्ध सांगितली. मारले गेलेल्यांपैकी कित्येक जण बाहेरून आलेले असतील, त्यांनी हा देश आपला मानला आहे आणि ते आमचेच आहेत. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियातले एक सिनेटर फ्रेझर ॲनिंग यांनी पत्रक काढून मुस्लिमांच्या स्थलांतरालाच या हत्याकांडाचं कारण ठरवलं. तेही 'आधी बोलावं' याच घाईचं अपत्य. एप्रिलमध्ये त्यांच्याच सिनेटने त्यांची निर्भर्त्सना केली आणि मे महिन्यातल्या निवडणुकीत ते पडले.

आर्डर्न दुसऱ्या दिवशी डोक्यावर ओढणी घेऊन मृतांच्या नातेवाइकांना भेटल्या. पुढच्या मंगळवारी संसदेत त्यांनी मारेकऱ्याचं नाव कधीच उच्चारणार नाही, असं जाहीर केलं. आठवडाभरात बंदुकीचे कायदे कडक करण्याची घोषणा झाली आणि १० एप्रिलला एक विरुद्ध ११९ मतांनी कायदा संमत झाला. मे महिन्यात त्यांनी फ्रान्सच्या अध्यक्षांबरोबर पॅरिसला बैठक घेतली आणि अशा चित्रफिती रोखण्याचं वचन सरकारं आणि मोठ्या कंपन्या यांच्याकडून घेतलं. भारतही त्यात सामील झाला. चौकशी आयोगाने २०२० मध्ये सरकारी यंत्रणेच्या त्रुटी दाखवल्या, तेव्हा त्यांनी माफीही मागितली. त्या पहिल्या दुपारची हुंडी अशी हप्त्याहप्त्याने वटली.

या सगळ्या प्रसंगांतून मला तीन गोष्टी दिसतात. ज्यांच्या शब्दांनी लोकांना सावरलं, ते जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलले. त्यांनी मेलेल्यांना 'आपलं' म्हटलं. आणि दुःखातल्या माणसांना त्या रात्री काय करायचं ते सांगितलं, किंवा पुढे स्वतः काही करून दाखवलं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट ज्यात नाही, तो संदेश म्हणजे दारावर टाकून दिलेलं भेटीचं कार्ड. घरातल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो.

हे केवळ पंतप्रधानांपुरतं आहे, असंही समजू नये. १९४८ मध्ये रेडिओ एकाच्या घरी होता आणि ऐकणारे शंभर होते. आज प्रत्येकाच्या हातात रेडिओही आहे आणि प्रक्षेपण केंद्रही. गावचे सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक, गणेश मंडळाचे अध्यक्ष, व्हॉट्सॲपवरच्या नातेवाइकांच्या ग्रुपमधले जुने-जाणते काका, यांच्याही शब्दाकडे त्या त्या वर्तुळात कुणीतरी पाहत असतं. पुढच्या वेळी असा प्रसंग आलाच, तर मारेकऱ्याचं आडनाव पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबावं आणि त्या आडनावाची किती घरं आपल्या गल्लीत आहेत, ते आठवावं. आपल्याकडे अठ्ठेचाळीस साली हे आठवणारी माणसं जिथे होती, तिथले वाडे शाबूत राहिले.